टेकडीवरचे घोडे

बेरिलने मोजपट्टी टेकडीच्या कडेला लावली. नेव्हिलचा सगळ्यात पुढचा घोडेस्वार कडेपासून जेमतेम अर्धा इंच आत होता. त्याच्या झुलीवरच्या निळ्या रंगाचा टवका उडाला होता आणि आतलं शिसं दिसत होतं. तिने पट्टी मिटली. मोजण्यासारखं काही उरलं नव्हतं.

बीस्टनच्या चॅपलमागच्या हॉलमध्ये, टेबलावर शिशाच्या सैनिकांची लढाई खेळणाऱ्या क्लबच्या चषकाचा अंतिम सामना चालला होता, आणि ही शेवटची फेरी होती. टेकडी ज्याच्याकडे, चषक त्याचा. नेव्हिलच्या घोडदळाने तिचे भालाईत नुकतेच उधळून लावले होते. घोडदळ त्यांच्यामागे उतरलं, तर टेकडी रिकामी होणार होती आणि शेजारी उभे असलेले तिचे तिरंदाज वर चढणार होते.

"मी पाठलाग करत नाही," नेव्हिल म्हणाला. "घोडे इथंच."

चीज-कांदा भरलेला कॉब-पाव खात उभा असलेला ओवेन फिसकन हसला. "काय रे, गेल्या वर्षी हिच्या घोड्यांना तूच हाकललंस ना खाली? 'पाठलाग करावाच लागतो' म्हणून नाचत होतास!"

"गेल्या वर्षी फासा तसा पडला. आणि नियमांच्या पुस्तकात 'करू शकते' लिहिलंय. बेरिललाच विचार, तिनंच आमचे कान किटवलेत."

ते खरं होतं. लागोपाठ दोन वर्षं तिचं घोडदळ याच टेकडीवर जिंकलं होतं. तिला थांबायचं होतं. दोन्ही वेळा वाद झाला आणि दोन्ही वेळा पंच असलेल्या क्लाइव्हने फासा टाकला. घोडे खाली गेले, त्यांच्यामागे चषकही. "खेळ अडायला नको," क्लाइव्ह म्हणायचा, "संपल्यावर नीट बघू." संपल्यावर खुर्च्या रचायच्या असत, गायनवृंदाला हॉल द्यायचा असे, आणि क्लाइव्ह बाह्या सरसावून कप विसळत असे. तिने त्याला दोन्ही पानं दाखवली होती. नियमात 'पाठलाग करू शकते'; पुढच्या पानावरच्या उदाहरणात मात्र घोडदळ पाठलाग करताना दाखवलेलं. एका खेळाडूने केलं म्हणून सगळ्यांवर सक्ती कशी होते, असं तिने विचारलं होतं. "दोन्ही बाजूंत तथ्य आहे," तो म्हणाला होता. तिची सगळी नोकरी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत गेली होती. पाणी पिण्याजोगं आहे की नाही, हे तिथे कुणी फासा टाकून ठरवलं नव्हतं.

आताही क्लाइव्ह लाल फासा तळहातावर घोळवत आला.

"चला, चार किंवा वर आलं तर पाठलाग. संपल्यावर नीट..."

"बघू," ओवेनने वाक्य पुरं केलं.

क्लाइव्हने फासा टाकला. तो टेबलाच्या कडेला आपटून गिरकी घेत राहिला. तो थांबायच्या आत बेरिलने आपला रिकामा मग त्यावर पालथा घातला.

"अगं!" क्लाइव्ह दचकला.

"तू सांग."

"काय सांगू?"

"पाठलाग करावा लागतो की नाही ते. आत्ता. संपल्यावर नाही."

नेव्हिलने मगाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "बेरिल, चार-पाच-सहा आलं असेल तर चषक तुझा आहे. कळतंय ना?"

"मला गणित येतं, नेव्हिल."

क्लाइव्हने पुस्तक उघडलं. पान आपोआप उघडलं, इतक्यांदा तिने ते त्याच्यापुढे धरलं होतं. त्याने चष्मा पुसला. स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. तिथे विसळायचे कप वाट पाहत होते.

"म्हणजे, एका परीनं बघितलं तर..."

"क्लाइव्ह."

ओवेनने चावणं थांबवलं. बेरिलचा तळवा मगावर होता. क्लाइव्हने तो पाहिला. पुस्तक मिटून त्याने काखेत धरलं आणि टेकडीवरच्या निळ्या झुलींकडे पाहिलं.

"सक्ती नाही," तो म्हणाला. "कधीच नव्हती. नेव्हिल, तुझे घोडे वरच राहतील."