तीन नंबरची दुपार

"पप्पा, दुपारी हा तीन नंबर कोणासाठी चालतो?"

मित्रांनो, हा प्रश्न जोसेटने विचारला. पॉवरहाऊसच्या दारात, कमरेवर हात ठेवून, शनिवारच्या रखरखीत उन्हात. तिच्या दोन मैत्रिणी कुंपणाबाहेर हसू दाबत उभ्या होत्या. "तुझे पप्पाच ऑपरेटर ना? मग विचारून दाखव. नाही विचारलंस तर आठवडाभर आमची दप्तरं तुझ्या पाठीवर," अशी पैज त्यांनीच लावली होती.

तिचा बाप ऑगस्टिन माझ्या अंगावर सांडलेलं तेल पुसत राहिला. उत्तर मला ठाऊक होतं. पण मला विचारतो कोण?

मी एक जुना डिझेल जनरेटर आहे. कॅरिबियन समुद्रातला ग्रेनाडा हा आधीच एवढासा देश, आणि त्यातलं पिटी मार्टिनिक हे त्याहून चिमुकलं बेट. माझा जन्म सातासमुद्रापलीकडच्या कारखान्यात झाला, पण माझं खरं बारसं इथे झालं. आमच्याकडे नवी होडी पाण्यात लोटताना तिच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, रम ओततात. मला बोटीतून उतरवलं, तेव्हा जोसेटच्या आजोबांनी माझ्या पायावर अर्धी बाटली ओतली आणि म्हणाले, "चाल बाबा, बुडू नकोस." इथले पहिले ऑपरेटर तेच.

मग काय दिवस होते ते! बर्फ जमू लागला, मासे टिकू लागले, चर्चमध्ये पंखा फिरू लागला. मी खोकलो तरी लोक धावत यायचे. माझ्या धुराने दोरीवरचे कपडे काळे व्हायचे, तरी बायका म्हणायच्या, "असू दे, दिवा तर आहे." शेजारी एक नंबर आणि दोन नंबर होते. एक भंगारात गेला. दुसऱ्याचे भाग काढून काढून माझ्या पोटात बसवले. म्हणजे माझा भाऊ माझ्या आतच आहे, पण आमचं बोलणं होत नाही.

दोन वर्षांपूर्वी टेकडीवर सोलर पॅनल आली, सोबत ढग आले की तासभर सांभाळतील एवढ्या बॅटऱ्याही. सकाळी नऊपासून दुपारी चारपर्यंत साऱ्या बेटाला पुरेल एवढी वीज तिथून येते. वरच्या साहेबांनी सांगितलं होतं, "ऊन असेल तेव्हा तीन नंबर बंद ठेवा." पण ऑगस्टिनने मला कधी बंद केलं नाही. मी नुसता धडधडत राहतो. माझी वीज कोणी घेत नाही. माझ्याकडे कोणी पाहत नाही. बंद पडलेल्या यंत्राला निदान विश्रांती असते. मित्रांनो, कोणाच्याही उपयोगाचं नसताना चालत राहणं किती एकटं असतं, ते मला विचारा.

"सांगा ना," जोसेट म्हणाली. "मी गेल्या शनिवारी सकाळी नऊला आणि दुपारी चारला टाकीत मापाची काठी घालून पाहिली. तेवढ्या वेळात सत्तर लिटर डिझेल गेलं. एका लिटरमागे अडीच किलोहून जास्त कार्बन डायऑक्साइड."

एवढ्यात तिची आई, वर्जिलीन, डबा घेऊन आली. मक्याच्या पिठाचा घट्ट कूकू आणि तळलेली मासळी. "लिटरभर तेलाचं वजन किलोसुद्धा नाही," ती म्हणाली, "आणि त्यातून अडीच किलो निघतं? असा दुकानदार मला दाखव गं पोरी, मी रोज त्याच्याकडे जाईन."

"उरलेलं वजन हवेचं, मम्मी. तेल जाळताना हा हवेतला प्राणवायू ओढून घेतो."

मी चपापलो. आयुष्यभर मला वाटत होतं, मी फक्त देतो.

ऑगस्टिन पहिल्यांदा बोलला. "बेटावर हजार माणसंही नाहीत. मोठ्या शहराच्या एका गल्लीत सगळी मावतील. आपल्या धुराने जगाचं काय वाकडं होणार आहे?"

"अशा प्रत्येक बेटावर एक तीन नंबर आहे, पप्पा. आणि प्रत्येक जण हेच म्हणतोय." मग ती हळूच म्हणाली, "आजोबांच्या कबरीपर्यंत लाटा आल्यात. तुम्हीच तर गेल्या महिन्यात दगड रचून आलात."

समुद्र एकट्या माझ्यामुळे चढला नाही, हे खरं आहे. पण त्यात माझा श्वास नाही, असंही मला म्हणता येणार नाही. ज्यांनी माझ्या पायावर रम ओतली, त्यांच्याच पायाशी मी पाणी नेत होतो. तेही फुकट, भर दुपारी, एकही दिवा न लावता.

ऑगस्टिनने फडकं खाली ठेवलं. "माझा जोडीदार इग्नेशियस अमेरिकेत ब्रुकलिनला गेला ना, तेव्हापासून मी दिवसा एकटा आहे," तो माझ्याकडे बघत म्हणाला. "या म्हाताऱ्याला चालू करायला दोन माणसं लागतात. एकाने दाबाच्या हवेचा व्हॉल्व्ह उघडायचा, त्याच क्षणी दुसऱ्याने तिकडे डिझेल सोडायचं. माझे हात तिथवर पुरत नाहीत. बंद केला आणि चार वाजता उठलाच नाही, तर? अख्खं बेट अंधारात. म्हणून बंदच करत नाही."

"दोन वर्षं?" वर्जिलीन म्हणाली. "मला तरी सांगायचं होतं."

"काय सांगू? की बापाचं यंत्र मला एकट्याला जमत नाही?"

तर हे होतं उत्तर. आम्ही दोघेही एकटे होतो, एकाच छपराखाली, आणि एकमेकांना चालू ठेवत होतो.

मित्रांनो, तुमच्याही घरी काहीतरी कोणासाठीही नसताना चालू असेल. ते बंद करा. आणि त्याच्याजवळ कोणी गप्प माणूस उभा असेल, तर त्याला आधी विचारा की काय अडलंय.

कुंपणाबाहेरच्या मैत्रिणींचं हसू केव्हाच थांबलं होतं. जोसेटने हवेचा व्हॉल्व्ह दोन्ही हातांनी धरून पाहिला. हात काळे झाले. ते तिने खुशाल फ्रॉकला पुसले आणि आईवडिलांकडे वळली.

"मी ठरवलंय. सोमवारपासून सकाळी नऊला पप्पा याला बंद करतील. माझी शाळेची बोट साडेतीनला धक्क्याला लागते, मी तशीच इथे येईन. डिझेल पप्पांनी सोडायचं. व्हॉल्व्ह मी उघडणार."