अध्यक्षांच्या टेबलावरची घंटी

टण्! दचकलात ना? सवय आहे मला. मी परिषदेच्या अध्यक्षांसमोरची पितळी घंटी बोलतेय, डोक्यावर टपली मारली की वाजणारी.

आधी मी एका लॉजच्या काउंटरवर होते. तिथे मला वाजवलं की कोणीतरी लगबगीने यायचं. लॉज बंद पडला आणि मी या इतिहासवाल्यांच्या हाती लागले. इथे मी वाजले की बोलणाऱ्याने गुमान खाली बसायचं. त्यामुळे माझ्याकडे प्रेमाने कोणी बघत नाही.

दरवर्षी इथे एकाच राजाच्या राजवटीवर परिषद भरते. राजाला जाऊन चारशे वर्षं झाली, पण त्याच्या दरबारात कोण कुठे उभं राहायचं यावरून ही मंडळी अजून हमरीतुमरीवर येतात. जेवणाच्या सुट्टीत मात्र एकमेकांना आग्रह करकरून वाढतात. गोड आहेत हो सगळे.

त्यातले सगळ्यात थोरले ते सर. त्यांचं उभं आयुष्य त्या दरबारातच गेलं. यंदा ते बोलायला उभे राहिले तेव्हा अध्यक्षपदी त्यांचीच विद्यार्थिनी होती. सर झकास बोलत होते. राजा दरबारात कसा यायचा, बसायच्या आधी कोणाकडे बघायचा, सगळं रंगवून सांगितलं. अर्ध्यावर आले आणि पुढचं पान घ्यायचं सोडून त्यांनी पुन्हा पहिलंच पान वर काढलं. राजा परत दरबारात आला. तीच वाक्यं, तेच हातवारे, तोच विनोद. सरांना मात्र पत्ताच नाही. पहिल्या रांगेत त्यांच्या बायकोचा चेहरा उतरला. मागे कुजबुज सुरू झाली. माझा जीव नुसता खालीवर होत होता. एवढ्या मोठ्या माणसाचं आता हसं होणार, दुसरं काय?

तेवढ्यात माझ्या डोक्यावर टपली बसली.

"एवढ्यात?" सरांनी विचारलं.

"हो सर, वेळ झाली." चांगली दहा मिनिटं बाकी होती.

"बघा, मीच शिकवलं आणि माझ्यावरच घंटी वाजवते," सर म्हणाले. सभागृह खळखळून हसलं, टाळ्या पडल्या आणि सर ऐटीत खाली उतरले.

नंतर सरांच्या बायको टेबलाशी आल्या. "हल्ली घरीही असंच होतं गं. पुढच्या वर्षी नको बोलावूस त्यांना."

"बोलावणार, काकू. अध्यक्ष मीच असेन."

काकूंनी तिचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

सध्या मी कपाटात पडून आहे, पुढच्या परिषदेची वाट बघत. तुम्हीही या. आणि सरांचं भाषण चालू असताना मी वाजले, तर टाळ्या वाजवा. घड्याळाकडे तेवढं बघू नका.