नावं ठेवायचा सोमवार

सत्त्याण्णव साली सावेडीतल्या आबासाहेबांच्या सॉफ्टवेअर कंपनीत माणसं पाच, कॉम्प्युटर तीन आणि चुका अगणित होत्या. ऊस मोजायच्या त्यांच्या प्रोग्रॅमने एकदा रिकाम्या बैलगाडीत नऊ टन ऊस दाखवला, तेव्हा वृषाली पुण्याहून शिकून आणलेली नवी पद्धत घेऊन त्यांच्यापुढे उभी राहिली. दर सोमवारी एकाचा प्रोग्रॅम कागदावर छापायचा आणि तो गिऱ्हाइकाकडे जाण्याआधी बाकीच्यांनी त्यातल्या चुका काढायच्या.

"महिनाभर करून बघा," आबासाहेब म्हणाले. "नाही जमलं तर तुम्ही आपलं टायपिंगच सांभाळा."

टायपिंगमधून वर यायला वृषालीला दोन वर्षं लागली होती.

पहिल्या सोमवारी फक्रुद्दीनभाईंचा प्रोग्रॅम होता. ते सगळ्यांत ज्येष्ठ. दीपाने कागद उलटसुलट करून "छान आहे" म्हटलं, संदीपने "लईच छान" म्हटलं. दुसऱ्या सोमवारी संदीपचा. तो आबासाहेबांचा भाचा, म्हणून तोही छान. आपल्याकडे तोंडावर चूक काढणं म्हणजे लग्नाच्या पंगतीत भाजी खारट म्हणणं, हे पुण्याच्या मास्तरांनी सांगितलंच नव्हतं.

वैतागून ती रंगुबाईच्या टपरीवर चहाला गेली. संदीप आणि दीपा तिथे आधीच बसले होते, फक्रुद्दीनभाई नव्हते. चहा निवायच्या आत त्या दोघांनी भाईंच्या प्रोग्रॅमची पार सालटी काढली. वृषालीने सगळ्या चुका भज्यांच्या कागदावर लिहून घेतल्या. अकरा निघाल्या, आणि अकराही खऱ्या.

तिसऱ्या सोमवारपासून बैठक टपरीवर गेली. नियम एकच. ज्याचा प्रोग्रॅम, त्याने उठून कोपऱ्यावर लावलेल्या स्कूटरपाशी उभं राहायचं आणि बाकीच्यांनी मनसोक्त नावं ठेवायची. कोणती चूक कुणी काढली ते यादीत लिहायचं नाही. सुरुवात पुन्हा फक्रुद्दीनभाईंच्याच प्रोग्रॅमने झाली. आपली यादी वाचून ते म्हणाले, "घरी बायको तोंडावर सांगते, त्यापेक्षा हे बरंय."

चौथ्या सोमवारी खुद्द आबासाहेबांनी लिहिलेल्या प्रोग्रॅमची पाळी आली. ते बाकड्यावर बसले ते बसलेच.

"मी मालक. मी कशाला उठू?"

"छान आहे, साहेब," दीपा म्हणाली. संदीपनेही तोंड उघडलं. महिना आजच संपत होता, आणि वृषालीला डोळ्यांपुढे टायपिंगचं टेबल दिसायला लागलं.

रंगुबाई गाळणी झटकत म्हणाली, "सायेब, तुमी उठल्याबिगर ही मान्सं खरं बोलायची न्हाईत. मागच्या येळी तुमी नव्हता, तवा तुमच्यावर लई बोलत हुती."

आबासाहेब उठले. तेवीस चुका निघाल्या. परत येऊन त्यांनी यादी दोनदा वाचली.

"चोविसावी राहिली," ते म्हणाले. "स्कूटरपाशी उभा होतो, तेव्हा माझी मलाच सापडली. पद्धत चालू ठेवा."

मग ते वृषालीकडे वळले. "पण ही पद्धतसुद्धा कुणीतरी केलेलीच ना? तिच्यातही चुका असतीलच. वृषालीबाई, उठा."

वृषाली स्कूटरपाशी जाऊन उभी राहिली. टपरीवर हशा पिकला, आणि त्यात आबासाहेबांचा आवाज सगळ्यांत मोठा होता. पाठीमागे कुणी आपल्याला नावं ठेवतंय याचा तिला जन्मात पहिल्यांदाच आनंद झाला.