दोघांच्या हातातला जोड्या

मी जोड्या बोलतोय. नावावरून लग्नं जुळवणारा वाटलो असेन, पण मी ओतीव लोखंडाचं एक बुटकं हत्यार आहे. झाडं कापायच्या मशीनला, म्हणजे चेनसॉला, जी दातेरी साखळी असते, तिच्या दुरुस्तीच्या दुकानात माझा मुक्काम. खिडकीखालच्या टेबलाच्या उजव्या कोपऱ्यात दोन बोल्टांनी मला घट्ट बसवलंय. शेजारी तोड्या असतो. तो रिव्हेट, म्हणजे कड्या जोडणारी छोटी खीळ, दाबून बाहेर काढतो आणि तुटकी कडी सोडवतो. नवी कडी घातली, की रिव्हेटचं डोकं घोळून पसरवायचं काम माझं. स्क्रू आवळायचा आणि हँडल फिरवायचं, एवढंच. पण सगळी गोम त्यातच आहे. रिव्हेट सैल राहिली तर साखळी सुटते, आणि जास्त आवळली तर कडी ताठते, वळतच नाही.

माझ्या जन्माबद्दल सांगण्यासारखं फार नाही. भट्टी, साचा, हिरवा रंग आणि खोका. खरं आयुष्य सुरू झालं ते हत्यारांच्या दुकानातल्या फळीवर. आम्ही चौघे शेजारी बसलो होतो आणि मी सगळ्यांत काळपट दिसत होतो. एक दिवस मिस्त्री आले. त्यांनी कुणाच्याही रंगाकडे पाहिलं नाही. खिशातून जुन्या साखळीचे तुकडे आणि मूठभर रिव्हेटा काढल्या आणि आम्हा प्रत्येकावर एकेक कडी जोडायला बसले.

"अहो, इथेच कारखाना काढताय का?" दुकानदार वैतागला.

"दोन मिनिटं. ह्याच्याशी जन्म काढायचाय मला," मिस्त्री म्हणाले.

माझ्यावर जोडलेली कडी त्यांनी बोटाने हलवली. ती सहज डुलली. मिस्त्री हसले आणि मी त्यांचा झालो. त्या दिवशी मला जो मान मिळाला तो मी अजून विसरलेलो नाही.

पुढची तेवीस वर्षं कशी गेली ते कळलं नाही. मिस्त्री जोडायचे आणि त्यांची बायको खिडकीशी बसून गोल कानशीने साखळीच्या दातांना धार लावायची. दोघांची तोंडंही हातांइतकीच चालायची. मिस्त्रींची एक सवय होती. जोडलेली साखळी ते बोटावर टांगून बघायचे. ती सरळ लोंबली तर काम झालं. एखादी कडी ताठ राहिली, तर गुडघा दुखणाऱ्या माणसासारखी ती मध्येच बाहेर यायची. गिऱ्हाईक कितीही घाईत असलं तरी टांगल्याशिवाय साखळी दुकानाबाहेर जात नसे.

आमचं सगळ्यांत जुनं गिऱ्हाईक म्हणजे झाडं छाटणारा एक दांडगा गडी. दाराच्या चौकटीत मावत नाही, पण फांदीवर असा सरसर चढतो, की सगळे त्याला खारूताई म्हणतात.

मग मिस्त्रींच्या उजव्या हाताची बोटं बधिर व्हायला लागली. त्यांनी कुणाला सांगितलं नाही, पण मला हँडलवर कळत होतं. हातात जोर होता, जाण नव्हती. टांगून बघितल्यावर ताठ कडी दिसते, सैल रिव्हेट दिसत नाही. ती बोटालाच कळावी लागते. आणि एके सकाळी खारूताई तुटलेली साखळी घेऊन आला.

"वर झाडावरच सुटली, मिस्त्री. मशीनच्या साखळी अडवणाऱ्या आकड्यात अडकली म्हणून निभावलं."

मिस्त्रींनी साखळी पाहिली. "माझ्याच हातची आहे. माझं चुकलं," ते म्हणाले. खारूताई दुसरी साखळी न मागताच गेला. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं.

मिस्त्रींनी एका विक्रेत्याकडून विजेवर चालणारं यंत्र मागवलं, आठ दिवस वापरून बघायला. ते तोड्याच्या पलीकडे येऊन बसलं. बटण दाबलं की रिव्हेट बसायची. काम सुबक होतं, खोटं कशाला बोलू?

"हे घेऊ आणि तूच चालव," मिस्त्री बायकोला म्हणाले. "मी बसतो बाहेर."

"बाहेर बसून काय माश्या मारणार? त्यापेक्षा मी ह्या जोड्यावर शिकते."

"तुला जमायचं नाही ते."

"तेवीस वर्षं तुमच्या चेनचे दात कोण घासतंय?"

बाई माझ्यासमोर उभ्या राहिल्या. सैल राहायला नको, या धास्तीने त्यांनी प्रत्येक रिव्हेटला दोन फेरे जास्त दिले. मी कुरकुरलो, पण ऐकतं कोण? मिस्त्रींनी साखळी बोटावर टांगली आणि कडी ताठपणे बाहेर आली.

"बघ. बघ तिचा गुडघा," मिस्त्री म्हणाले.

"दिसतोय मला. हसू नका!"

तोड्याने मुकाट्याने रिव्हेटा काढल्या. बाईंनी नव्या घातल्या आणि एक हात हँडलवर, एक कडीवर असं करून बघितलं, पण जोर पुरेना. "अहो, तुम्ही फिरवा जरा. मी कडी हलवून बघत राहते," त्या शेवटी म्हणाल्या.

मिस्त्रींनी हँडल धरलं. बाईंनी एका हाताने स्क्रू आवळत दुसऱ्या हाताच्या बोटांत कडी धरली. एक फेरा. आणखी अर्धा. "अजून... अजून थोडं... बास!" मिस्त्री तिथेच थांबले. साखळी टांगली, ती सरळ लोंबली.

आठव्या दिवशी विक्रेता आला. "कसं वाटलं यंत्र? एकाच माणसात सगळं काम होतं, बरं का."

"तेच तर," बाई म्हणाल्या. "आम्ही दोघं आहोत. घेऊन जा."

मिस्त्री खिडकीबाहेर बघत बसले. मग उठून त्यांनी माझ्या स्क्रूला तेलाचा थेंब सोडला.

पण खारूताईचं काय? तो महिनाभर फिरकला नाही. मग एका दुपारी आला, टांगलेली साखळी बघितली आणि विचारलं, "कुणी जोडली?"

"हिने आणि मी. नको असेल तर तसं सांग," मिस्त्री म्हणाले.

त्याने साखळी स्वतःच्या बोटावर टांगली, एकेक कडी हलवून बघितली आणि घेऊन गेला. समोरच्या शाळेच्या आवारातल्या झाडावर तो चढला. वर मशीन सुरू झाली. मिस्त्री आणि बाई दारात उभे राहिले. शेवटची फांदी पडेपर्यंत दोघं तिथून हलली नाहीत.

खारूताई भुसा झटकत आला आणि पिशवीतून आणखी तीन तुटक्या साखळ्या काढल्या. एरवी तो त्या मिस्त्रींपुढे टाकायचा. या वेळी त्याने त्या टेबलाच्या मधोमध ठेवल्या, दोघांच्या मध्ये.

आता माझा हिरवा रंग जवळजवळ गेलाय आणि हँडलची मूठ झिजून गुळगुळीत झालीय. तक्रार काहीच नाही. स्क्रूला आठवड्याला तेलाचा थेंब मिळाला की मी खूश. तुम्हाला एवढीच विनंती, की कधी हत्यार घ्यायला गेलात, तर चकाकी बघू नका. खिशात साखळीचा तुकडा घेऊन जा आणि ज्याच्या हातात ते पडणार आहे त्यालाही सोबत न्या. चला, हँडलवर हात पडलाय. बाई "बास" म्हणेपर्यंत आता मला बोलायला सवड नाही.