आग लागल्यास जादू वापरू नये

रविवारी दुपारी खरकटी ताटं उचलली की वहिनींच्या जेवणाच्या टेबलावर राक्षस यायचे. वहिनी गोष्ट रचायच्या, बाकीचे तिघं त्या गोष्टीतली माणसं व्हायचे, आणि कुणाचा वार लागला, कुणाचा हुकला हे वीस बाजूंचा फासा ठरवायचा. दातांचे डॉक्टर जादूगार होते. शेजारच्या मावशी, कोर्टात जन्मभर कारकुनी करून निवृत्त झालेल्या, मंत्राने जखमा भरणाऱ्या वैद्यीण होत्या. आणि वहिनींचे धाकटे दीर, म्हणजे भाऊजी, तलवारबाज होते. कागदावर तरी होते.

कारण राक्षस दिसला रे दिसला की डॉक्टर आगीचा गोळा फेकायचे. धूर विरेपर्यंत समोर नुसता कोळसा. मावशींच्या वाट्याला निदान डॉक्टरांचे पोळलेले हात तरी यायचे. भाऊजी तलवार उपसायचे, राखेकडे बघायचे आणि परत म्यान करायचे.

भाऊजी दिवसभर लॉन्ड्रीत इस्त्री करायचे. घरी आले की "हं" म्हणायचे, जेवायचे, झोपायचे. भावाकडे राहायला आल्यापासून त्यांच्या तोंडून पूर्ण वाक्य निघायचं ते फक्त या टेबलावर. आणि गेल्या रविवारी फासे डब्यात भरता भरता ते म्हणाले होते, "वहिनी, आणखी एक रविवार येतो, मग बास. राखच बघायची तर खोलीत पडून छत बघेन की."

वहिनींना हे कसं चालणार? एवढा एक दिवस हा माणूस बोलतो, हसतो, आणि तोही डॉक्टरांच्या गोळ्यात जळून जायचा? नवऱ्याला सांगून काही उपयोग नव्हता. त्याच्या मते ड्रॅगन म्हणजे पोटातला वात, दुर्लक्ष केलं की आपोआप जातो.

तसे उपाय करून झाले होते. वहिनींनी गोळ्याचा जोर निम्मा केला, तर डॉक्टर दोन गोळे फेकू लागले. प्रत्येक मंत्राला काहीतरी सामग्री टेबलावर ठेवायचा नियम केला, तर डॉक्टरांनी दवाखान्यातून प्लास्टरच्या कवळ्या पिशवी भरून आणल्या. चहाचा कप ठेवायला जागा उरली नाही. मग मंत्र एका दमात म्हणायचा नियम आला. पण ज्यांना उलट उत्तर देता येत नाही अशांशी जन्मभर बोललेला माणूस तो, त्याचा दम कसला संपतोय.

शेवटी वहिनींना आपला धंदा आठवला. त्या लिफ्ट तपासायच्या. लिफ्टमध्ये कितीही मोठा साहेब शिरू दे, क्षमतेपलीकडे गेलं की ती जागची हलत नाही. मग जादूलाही क्षमता का नको? प्रत्येक मंत्राला वजन, आणि एकेकाचं सहाच्या वर गेलं की त्याची जादू अडकणार. शनिवारी ऑफिसमध्ये घाई होती. त्यांनी लिफ्टमध्ये लावायची सूचना उघडली, जिथे जिथे "लिफ्ट" होतं तिथे "जादू" केलं, छापली आणि न वाचताच पिशवीत टाकली. तपासणी करणाऱ्याने आपलंच काम तपासायचं नसतं, असं त्या स्वतःच सगळ्यांना सांगत असत.

रविवारी सूचना भिंतीवर लागली. डॉक्टरांनी वजनं ऐकून घेतली आणि गालातल्या गालात हसले. "उडणं दोन, गोळा चार. बरोब्बर सहा. वहिनी, नियम छान आहे हो तुमचा."

वहिनींचा चेहरा पडला. भाऊजींनी तर फासाही हातात घेतला नव्हता.

गुहा आली, ड्रॅगन आला. मावशींनी सगळ्यांभोवती मंत्राचं कवच घातलं. ड्रॅगन झेपावला. डॉक्टर उडाले, खुर्चीवरून अर्धे उठलेसुद्धा, आणि गरजले, "आगीचा गोळा."

"थांबा," मावशी म्हणाल्या. त्यांनी चष्मा लावला होता. चष्मा लावलेल्या मावशींपुढे कोर्टात वकीलही खाली बसत. "हे तुम्ही कुणी वाचलंय का? 'जादूची एकूण क्षमता सहा.' एकूण. एकेकाची नाही. डॉक्टर सहा, माझं कवच दोन, झाले आठ. आणि हा हत्तीएवढा ड्रॅगन काय नुसत्या पंखांनी उडतोय?"

"मावशी, तुम्ही आमच्याकडून आहात ना?" डॉक्टर म्हणाले.

"मी कागदाकडून आहे. पुढे ऐका. 'भार जास्त झाल्यास जादू मध्येच अडकेल. घाबरू नये. आत अडकलेल्यांनी स्वतः सुटण्याचा प्रयत्न करू नये. बाहेरच्या व्यक्तीस हाक मारावी.'"

"मी मग छोटा मंत्र टाकून—"

"'आग लागल्यास जादू वापरू नये,'" मावशींनी वाचलं. "आग तर तुम्हीच लावलीत. 'जिन्याचा वापर करावा.'"

वहिनींनी कपाळाला हात लावला. मग त्यांनी टेबलाकडे पाहिलं. डॉक्टर हवेत उलटे लटकलेले. मावशी स्वतःच्याच कवचात, बरणीतल्या लोणच्यासारख्या. ड्रॅगन झेपेच्या मधोमध, जबडा वासून. सगळी गुहा ठप्प. आणि खाली जमिनीवर, अंगात जादूचा कणही नसलेला एकच माणूस उभा.

"छापलंय ते छापलंय," वहिनी पटकन म्हणाल्या. "आणि गुहेत जिना आहे. आत्ताच दिसला."

भाऊजी सावकाश पुढे सरकले. "म्हणजे बाहेरची व्यक्ती मीच?"

"तुम्हीच, बाबा."

"मग हाक मारायला पाहिजे ना. नियम आहे."

डॉक्टरांनी छताकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं. "अहो भाऊजी," ते पुटपुटले.

"जिन्यापर्यंत ऐकू येत नाही."

"अहो भाऊजी, या हो वाचवायला."

भाऊजी जिना चढले. फासा टाकला, तोल सांभाळला, पुन्हा टाकला, ड्रॅगनच्या खालच्या जबड्यावर जाऊन उभे राहिले. भाऊजींनी तलवार उपसली, आत डोकावून पाहिलं आणि वळून विचारलं, "डॉक्टर, तोंड आयतंच उघडंय. कुठला दात काढू?"

आपण उलटे लटकलोय हे डॉक्टर विसरले. "मागची दाढ बघा, डावीकडची. हलतेय का?"

"जरा हलतेय."

"ओढू नका. आधी डावीउजवीकडे झुलवा. हिरडीला तलवार लागता कामा नये. आणि त्याला सांगा, दुखणार नाही."

"दुखणार नाही रे," भाऊजी ड्रॅगनला म्हणाले. "डॉक्टर स्वतः बघतायत. उलटे आहेत, पण बघतायत."

मावशींना कवचात हसताही येईना. नियमात बसतं की नाही, कळत नव्हतं. फासा घरंगळत टेबलाच्या कडेला गेला आणि वीसवर थांबला. दाढ निघाली. वहिनींचा ड्रॅगन कण्हत कण्हत शरण आला आणि पुढची तपासणी कधी, असं त्याने विचारलं. भाऊजी असे हसले की आतल्या खोलीतून नवरा उठून आला. आपला भाऊ हसतोय हे बघून काही न विचारता खुर्ची ओढून बसला.

"आता मला उतरवा," डॉक्टर म्हणाले.

"मावशी आधी. ज्येष्ठ नागरिक." भाऊजींनी मावशींचं कवच मुठीने फोडलं, त्यांना पाठीवर घेऊन जिना उतरले, दाढ खांद्यावर टाकली आणि गुहेत निवांत फेरी मारू लागले. "वहिनी, या बाजूला आणखी काय आहे हो?"

"भाऊजी," डॉक्टर वरून म्हणाले. आवाजात पहिल्यांदाच अर्ज होता. "मी काय म्हणतो, पुढच्या वेळी मीच तलवारबाज झालो तर?"

भाऊजींनी फासे आपल्याकडे ओढून घेतले.

"ती जागा भरलेली आहे," ते म्हणाले.