गुडघ्यावरची वाकडी शिवण

मी एक जुना अंगरखा आहे. खरे सांगायचे तर मी नवा कधी नव्हतोच. मित्रांनो, तुम्ही आधी बाळ असता, मग मोठे होता आणि पुष्कळ वर्षांनी म्हातारे होता. माझे सगळे उलटे. मी जन्मलो तोच म्हातारा!

पिशव्या शिवणाऱ्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. माझ्या कापडाला ठिकठिकाणी कप्पे केले आणि त्यांत वाळूच्या पुरचुंड्या भरल्या, म्हणजे मला घालणाऱ्याचे खांदे वाकावेत. गुडघ्यांना आणि कोपरांना पट्टे लावले, म्हणजे ते धड दुमडू नयेत. सोबत जाड हातमोजे दिले, कानात घालायचे बोळे दिले आणि एक चष्माही दिला. लोक स्वच्छ दिसावे म्हणून चष्मा लावतात. माझा चष्मा धूसर दिसावे म्हणून होता. मला शिवणारी बाई शेजारणीला म्हणाली, "अगं बाई, असलं धूड घालणार तरी कोण?" मला फार वाईट वाटले.

पण माझे काम मोठे होते. मला एका रुग्णालयात आणले. तिथे आजारी, थकलेल्या म्हाताऱ्या माणसांची देखभाल होत असे आणि ती देखभाल कशी करावी, हे परिचारिकांना शिकवलेही जात असे. वर्गात एकीने मला घालायचे आणि बाकीच्यांनी तिला उठवायचे, चालवायचे, भरवायचे. मला घातलेल्या माणसाने मात्र तोंडातून शब्द काढायचा नाही, हा शिकवणाऱ्या बाईंचा नियम. पुष्कळ आजाऱ्यांना बोलता येत नाही ना, म्हणून. भलेभले धट्टेकट्टे मला घालून व्हरांड्यातून एक फेरी मारत आणि धापा टाकत परत येत. सगळे मला कौतुकाने 'आजोबा' म्हणत. बाई म्हणत, "ज्याचं जळतं त्याला कळतं." ज्याचे जळत नाही त्यालाही थोडा चटका बसावा, एवढ्यासाठी माझा जन्म.

एका वर्षी वर्गात एक मुलगी आली. तिचे बूड एका जागी टेकत नसे. पायाला जणू भिंगरीच बांधलेली, म्हणून तिचे नावच भिंगरी पडले. मनाने निर्मळ आणि हाताने चलाख. एका आजींची चादर बदलून दुसऱ्या आजोबांना औषध देऊन ती तिसऱ्या खाटेशी पोचलेली असे. तिच्याएवढे काम कुणाचेच उरकत नसे, आणि तिला त्याचा अभिमानही होता.

माझी खुंटी वर्गाच्या दाराशी होती. दार सदा उघडे. समोरच खिडकीजवळ एका आजींची खाट होती. त्या आजी सारे विसरल्या होत्या. शब्दही जवळजवळ संपले होते. बोटे मात्र स्वस्थ बसत नसत. दिवसभर चादरीची कड चिमटीत धरायच्या, सोडायच्या, पुन्हा धरायच्या. एकदा त्या बोटांनी हातातली सलाईनची सुईही ओढून काढली. मग त्यांच्या हातांना कापडी मोजे घालून मनगटाशी नाड्या बांधू लागले. ते काम भिंगरीकडे असे. ती हळूच बांधायची, दुखू द्यायची नाही. तरी आजी नाडी दातांत धरून ओढत राहायच्या. भिंगरी बाईंना म्हणाली, "खिडकीजवळच्या आजी फार भांडखोर झाल्यात हो."

मग आजींनी जेवण टाकले. भिंगरी उभ्या उभ्या चमचा पुढे करायची. "आ करा आजी, आ करा बघू!" आजी ओठ घट्ट मिटायच्या. भिंगरी दुसऱ्या खाटेकडे पळायची. शेवटी डॉक्टरांनी आजींच्या लेकीला बोलावले. ते हळू आवाजात म्हणाले, "आठवडाअखेरपर्यंत पोटात काही गेलं नाही, तर नाकातून नळी घालावी लागेल. आणि नळी उपटू नये म्हणून हात खाटेला बांधावे लागतील." लेक माझ्या खुंटीशी आली आणि माझ्या बाहीत तोंड लपवून रडली.

त्याच दुपारी वर्गात मला घालायची पाळी भिंगरीची होती. तिच्या मैत्रिणीने भरवायचे होते. मैत्रीण मोठी नकलाकार. तिने हुबेहूब भिंगरीचीच नक्कल केली. उभ्यानेच भराभर चमचे. "आ करा आजी, आ!" धूसर चष्म्यातून चमचा कुठून येतो ते भिंगरीला दिसेना. एक घास हनुवटीवर सांडला. तो पुसायला तिने हात उचलला, तर जाड मोज्यांत बोटेच सापडेनात! बोलायची सोय नाही. तिने मोज्याचा पट्टा दातांत धरला आणि ओढू लागली. मैत्रीण म्हणाली, "अगं बाई, आजी भांडखोर झाल्यात!" वर्ग खो खो हसला. भिंगरी ताडकन उठली, तशी माझी गुडघ्याची शिवण टरकन उसवली आणि वाळू भुईभर झाली.

चष्मा काढला तेव्हा भिंगरीचे डोळे भरलेले होते. ती म्हणाली, "बाई, मला खिडकीजवळच्या आजींचे मोजे काढायचेत."

"आणि त्यांनी पुन्हा सलाईन ओढलं तर?"

"मी शेजारी बसेन."

"भिंगरी आणि बसणार?" बाई हसल्या. मग म्हणाल्या, "बस. मीही येते. आणि येताना आजोबांना घे. फाडलंस तूच, शिवशीलही तूच."

अशी माझी स्वारी प्रथमच वॉर्डात गेली. भिंगरीने आजींचे मोजे सोडले, मला मांडीवर घेतले आणि शिवायला बसली. काय सांगू मित्रांनो, शिवण कसली, तो नुसता गुंता होता! आजी बघत राहिल्या. मग त्यांचा हात सरकत सरकत माझ्यावर आला. त्यांनी माझी उसवलेली कड चिमटीत धरली, दुमडली आणि नखाने दाबून सरळ केली. पुन्हा थोडी पुढे दुमडली, पुन्हा दाबली. चादरीशी चालायचे तेच.

दारात लेक येऊन उभी होती. "अगं, आई दुमड घालतेय!" ती म्हणाली. "जन्मभर शाळेतल्या मुलांचे गणवेश शिवले तिनं. चादरीशी चाळा करते, असं मला वाटायचं. मला कसं कळलं नाही?"

बाईंनी बोथट टोकाची जाड सुई ओवून आजींच्या हाती दिली आणि स्वतः जवळ बसल्या. आजींनी टाके घातले. वाकडे, लांब, पण पक्के. मग वाकून दोरा दातांनी तोडला आणि मोठा सुस्कारा सोडला. काम झाले होते.

भिंगरीने त्यांच्या मोकळ्या हातावर उकडलेल्या बटाट्याचा मऊ तुकडा ठेवला. आजींना गिळताना ठसका लागत नाही, हे डॉक्टरांनी आधीच पाहिले होते. कुणी 'आ करा' म्हणाले नाही. हात आपसूक वर गेला आणि तोंड उघडले. लेकीने माझी बाही घट्ट धरली होती. दुसरा तुकडा. मग तिसरा. भिंगरी जागची हलली नाही.

आजी बऱ्या झाल्या, असे नाही. त्या आजाराला तसे औषध नाही. काही दिवस ताट तसेच परत जाई. पण नळी घालावी लागली नाही. जेवताना कुणीतरी शेजारी बसायचे आणि आजींच्या हातात एक कापडाचा तुकडा असायचा. पुढच्या थंडीत आजी गेल्या. तेव्हा एक हात लेकीच्या हातात होता, दुसरा चादरीच्या कडेवर. दोन्ही मोकळे.

आता मी खरोखरच जुना झालो आहे. माझी वाळू गळते. शेजारच्या खुंटीवर नवा अंगरखा आला आहे, झकपक, बटणे दाबली की आपोआप आवळणारा. आताशा मला फारसे कुणी घालत नाही. आवरासावर झाली तेव्हा मला टाकायलाच निघाले होते. वर्गाच्या बाईंनी टाकू दिले नाही. आजच्या बाई म्हणजे आपली भिंगरीच. दरवर्षी पहिल्या दिवशी ती मला खाली काढते आणि माझा गुडघा मुलींच्या हाती देते. कुणीतरी हमखास हसून विचारते, "बाई, ही असली वाकडी शिवण कुणी घातली हो?"

भिंगरी म्हणते, "ज्यांचे हात मी बांधले होते, त्यांनी."

मग कुणी हसत नाही. मित्रांनो, मला अंगातून काढून खुंटीला टांगता येते. तुमच्या आजी-आजोबांना त्यांचे म्हातारपण काढून ठेवता येत नाही. घरात कुणाचे हात उगीच चाळवताना दिसले, तर ओरडू नका. घटकाभर शेजारी बसा, आणि ते हात काय करत आहेत ते नीट पाहा.