लाईट बंद हाय काय?

मी बोलतोय, वरून. मान जरा वर करा. पंख्याच्या पोटाखाली एक दिवा बसवलेला दिसतो ना, तोच मी. माझी काचेची वाटी गेल्या वर्षी फुटली, तेव्हापासून होल्डर उघडाच आहे.

भागवतरावांनी मला वाशीमच्या बाजारातून आणलं. रिसोडच्या एसटीत पाय ठेवायला जागा नव्हती, तरी त्यांनी पंख्याचं आणि माझं खोकं मांडीवर धरून ठेवलं. रिसोडच्या कडेला त्यांचा मेथीचा आणि सांभाराचा, म्हणजे कोथिंबिरीचा, मळा आहे, मळ्यालगतच घर. पंखा फिरला, मी पेटलो, तेव्हा त्यांची आई गोजराबाई म्हणाली, "एकात दोन कामं झाली, बरं केलं." मला ते फार आवडलं होतं.

माणसं चांगली आहेत हो या घरातली. पण एका शब्दाने माझा जीव टांगणीला लागलाय. वीज म्हणजे लाईट आणि मी म्हणजेही लाईट. तारेतली वीज गेली तर लाईट गेली, मी विझलो तरी लाईट गेली. कोण कुणाबद्दल बोलतंय, ते मलासुद्धा कळत नाही.

दिवाळीआधी रंग देताना भागवतरावांनी ओसरीतला मेनचा बोर्ड स्वतःच काढला. परत लावताना दोन वायरी उलट्या जोडल्या. घरातलं सगळं चालू झालं, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. तेव्हापासून बटण बंद केलं की विजेची फक्त परतीची वाट बंद होते. वीज मात्र माझ्या होल्डरपर्यंत येऊन उभी असते. मी विझलेला असतो, ती जागी असते.

गेल्या आठवड्यात मी पेटेनासा झालो. पंख्याच्या थरथरीने छताजवळ माझी एक वायर सुटली होती. यांनी आधी बल्ब बदलला. मग बटण बदललं. मग पुन्हा बल्ब बदलला. घाई अशी, की रविवारी त्यांच्या मुलीला, तनुजाला, पाहायला पाहुणे येणार होते आणि बैठकीत अंधार नको होता.

शुक्रवारी दुपारी भागवतराव मळ्यातून आले ते तसेच, चिखलाच्या ओल्या पायांनी, लोखंडी स्टुलावर चढले.

"ज्योत्स्ना, लाईट बंद कर वं," त्यांनी बायकोला सांगितलं. ती मेनकडे निघाली, पण वाटेत चुलीवर दूध वर आलेलं दिसलं, म्हणून ती स्वयंपाकघरात वळली. खाली गोजराबाई मेथीच्या जुड्या बांधत होती.

"लाईट बंद झाली काय?" भागवतरावांनी विचारलं.

गोजराबाईने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "बंदच तं हाय. आठ दिस झाले."

त्यांनी पंख्याचं छताजवळचं झाकण खाली सरकवलं आणि सुटलेल्या वायरीकडे बोटं नेली. मी काय करणार होतो? मला हात नाहीत, तोंड नाही. चार बोटांचं अंतर राहिलं, आणि समोरची पिठाची चक्की थांबली. सगळ्या गल्लीची वीज गेली होती. बोटं वायरीला लागली, काही झालं नाही. त्यांनी टोकं पिळली, टेप गुंडाळली आणि ते खाली उतरले. मग चक्की पुन्हा सुरू झाली.

ज्योत्स्ना पदराला हात पुसत आली. "आता पाडू काय मेन? दूध उतू जाऊन राह्यलं होतं."

भागवतरावांनी आपल्या हाताकडे पाहिलं. "जाऊ दे," ते म्हणाले. "बटन तं बंदच होतं. काय होते?"

त्या बोलण्याचं मला फार वाईट वाटलं.

संध्याकाळी बटण बंद केलं तरी नव्या एलईडी बल्बमुळे मी पुरता विझलो नाही, अंधारात मंद जळत राहिलो. मला एवढंच बोलता येतं. ते ऐकलं फक्त तनुजाने.

"बाबा, बटन बंद हाय तरी हा काहून जळून राह्यला?"

"नवीन बल्ब हाय, होते असं."

"जळू दे, माय," गोजराबाई म्हणाली. "पाहुने येनार हायेत, दिवा तेवलेला बरा."

आज रविवार. सकाळची वेळ. फरशी नुकतीच पुसली आहे, अजून ओली आहे. पंख्यावरची आणि माझ्या होल्डरवरची धूळ पाहुण्यांना दिसू नये म्हणून तनुजा ओलं फडकं पिळून आली आहे. स्टूल तेच, पाय अनवाणी. उजेडात माझं मंद जळणं कुणाला दिसत नाही.

पोरी, एकदा ओसरीत जा. तो मेन खाली पाड, मग ये. तुझ्या बापाला सांग, वायरी उलट्या आहेत. आणि वाचणाऱ्या माणसा, तुझ्या घरी तरी मला आणि विजेला एका नावाने हाक मारू नकोस.

"आजी, लाईट बंद हाय ना?"

गोजराबाई मान वर करून माझ्याकडे पाहते आहे.

"बंदच हाय, माय."

तनुजा स्टुलावर चढली. मी समोरच्या चक्कीकडे कान लावून आहे. चक्की चालूच आहे.